ऑनलाइन सॉलिटेअरचा स्कोअर: आधी तुमच्या एका सेकंदाचा भाव काढा, मग घाई करा

सॉलिटेअर खेळणाऱ्यांमध्ये कायम दोन पार्ट्या असतात. एक म्हणते हात पळवा, घड्याळ थांबत नाही, दुसरी म्हणते निवांत बघून खेळा, एक चाल फुकट जाऊ देऊ नका. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरहून पुण्याला निघालात आणि आजूबाजूच्या सीटवर नजर टाकली तर फोनवर दोन्ही प्रकारचे लोक खेळताना दिसतात, आणि स्कोअरवरून विषय निघाला की कुर्डुवाडी येईपर्यंत वाद चालतो. मला वाटतं हा वाद कागद-पेन घेऊन पाच मिनिटांत मिटवता येतो. तुमच्या ॲपमध्ये पॉइंट कसे पडतात आणि तुम्ही साधारण किती वेळात डाव संपवता एवढं माहीत झालं की एका सेकंदाची किंमत काढता येते, आणि ती कळली की कुठं थांबून विचार करायचा आणि कुठं नुसतं बोट चालवायचं ते ठरवणं सोपं जातं.

मी इथं क्लोंडाइकबद्दल लिहितोय, म्हणजे सात रांगांचा तो नेहमीचा सॉलिटेअर. शब्द आधी ठरवून घेऊ, नाहीतर पुढं गोंधळ होतो. खाली पसरलेल्या सात रांगा त्या रांगा, कोपऱ्यात पालथा ठेवलेला तो गठ्ठा, गठ्ठ्यातून उलटून बाहेर आलेले ते उघडे पत्ते, आणि एक्क्यापासून राजापर्यंत एकेका रंगाचे पत्ते रचायचे ती वरची चार घरं. रांगांमध्ये २८ पत्ते असतात, त्यातले २१ पालथे, आणि गठ्ठ्यात २४.

पायरी १: ॲपचं स्कोअरिंग कोणतं ते बघा

ही पायरी बहुतेक जण सोडूनच देतात, आणि मग चुकीच्या गोष्टीसाठी जीव तोडून खेळतात. सेटिंगमध्ये जाऊन बघा, स्टँडर्ड लिहिलंय की व्हेगास, टायमर चालू आहे की बंद, आणि एकेक पत्ता उलटतोय की तीन-तीन.

स्टँडर्डचा हिशोब सगळ्यांना माहीत झाला तो विंडोजमुळे, १९९० साली विंडोज ३.० सोबत सॉलिटेअर आला तेव्हापासून. त्यात उघडा पत्ता रांगेत लावला की ५ पॉइंट, कुठूनही वरच्या घरात नेला की १०, रांगेतला पालथा पत्ता सुलटा झाला की ५. वरच्या घरातून पत्ता परत खाली आणला तर १५ कट. एकेक पत्त्याच्या डावात गठ्ठा संपल्यावर परत फिरवला तर १०० कट, पण स्कोअर शून्याच्या खाली जात नाही. टायमर चालू असेल तर दर १० सेकंदाला २ पॉइंट जातात आणि डाव पूर्ण सुटला तर शेवटी बोनस मिळतो, ७,००,००० भागिले लागलेले सेकंद. (३० सेकंदांच्या आत डाव संपला तर बोनसच नाही, पण हाताने खेळणाऱ्याला त्याची काळजी नको.)

व्हेगासमध्ये घड्याळाचा काही संबंधच नाही. सुरुवातीला ५२ वजा, वर गेलेल्या प्रत्येक पत्त्याचे ५. म्हणजे ११ पत्ते वर गेले की तुम्ही प्लसमध्ये, सगळे ५२ गेले तर २०८. गठ्ठा एकेकाच्या डावात एकदाच बघायला मिळतो आणि तीन-तीनच्या डावात तीनदा. तुमचं ॲप व्हेगासवर असेल तर वेग विसरून जा, या लेखातल्या वेगाच्या गोष्टी तुमच्यासाठी नाहीत, विचाराच्या सगळ्या आहेत.

आजकालची बरीच ॲप्स स्वतःचे नियम लावतात, कुठं चालींची संख्या धरतात तर कुठं अनडू केलं की पॉइंट कापतात. नियमाचं पान सापडत नसेल तर एक डाव नुसता तपासायला खेळा, एकेक चाल करा आणि प्रत्येक वेळी स्कोअर कितीने हलला ते लिहून काढा, दहा मिनिटांत सगळा हिशोब समोर येतो.

पायरी २: एका सेकंदाचा भाव

सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथं जरा थांबूया. वेळ सोडून बाकी सगळं स्टँडर्डमध्ये धरलं तर सरळ खेळून जास्तीत जास्त ७४५ पॉइंट होतात, २४ पत्त्यांचे रांगेतून वर नेऊन प्रत्येकी १५ म्हणजे ३६०, रांगांतल्या २८ पत्त्यांचे २८०, आणि २१ पालथे उघडायचे १०५. आता बोनस बघा. ६०० सेकंदात डाव संपला तर ११६६, ३०० सेकंदात २३३३, १८० सेकंदात ३८८८, १२० सेकंदात ५८३३. म्हणजे पाच मिनिटांत खेळणाऱ्याचासुद्धा बोनस हा बाकी सगळ्या पॉइंटांच्या तिप्पट होतो. हे एकदा डोळ्यासमोर आलं की पाच-पाच पॉइंटांसाठीची ओढाताण किती जपून करायची ते लक्षात येतं.

पण म्हणून सगळ्यांनी नुसतं पळायचं का, तर नाही, कारण सेकंदाचा भाव सगळ्यांना सारखा नाही. भाव काढायची सोपी रीत सांगतो, तुमचा बोनस घ्या आणि त्याला तुमच्या सेकंदांनीच भागा. ३०० सेकंदवाल्याचं २३३३ भागिले ३००, म्हणजे जवळपास ८ पॉइंट. १८० वाल्याचे २१ ते २२. १२० वाल्याचे ४८ ते ४९. आणि दहा मिनिटं लावणाऱ्याचे जेमतेम २. त्यात दर सेकंदाला जाणारे ०.२ मिळवा, त्यानं फार फरक पडत नाही.

म्हणजे काय झालं, दहा मिनिटांत डाव संपवणाऱ्या माणसाने पाच सेकंद विचार केला तर त्याचे १० पॉइंट गेले, तेवढे तर एक पत्ता वर नेला की परत येतात, आणि दोन मिनिटांत संपवणाऱ्याने तेच पाच सेकंद घालवले तर अडीचशे गेले. एकच सल्ला दोघांना कसा चालेल. नवीन खेळणाऱ्याला विचार करणं स्वस्त पडतं आणि मुरलेल्याला महाग, म्हणून नवीन माणसाने घाई करूच नये आणि मुरलेल्याने विचार आधीच डोक्यात तयार ठेवावा.

पायरी ३: भाव हातात घेऊन चाली तपासा

आता प्रत्येक सवय या भावाने मोजायची. काही ठिकाणी उत्तर आपल्याला वाटतं त्याच्या उलटं येतं.

पहिली गोष्ट, तो वळसा. उघडा पत्ता सरळ वर नेला तर १० मिळतात, आधी रांगेत लावून मग वर नेला तर ५ + १० म्हणजे १५. जुने खेळणारे आवर्जून वळसा घेतात. त्या जादाच्या टॅपला एक सेकंद लागतो असं धरलं तर सव्वासहा मिनिटांच्या आसपास हिशोब बरोबरीत सुटतो, त्याच्यापेक्षा हळू खेळत असाल तर वळसा फायद्याचा, फास्ट खेळत असाल तर तोट्याचा. पण यात एक खुबी आहे, तुमच्या ॲपमध्ये शेवटी ऑटो-फिनिश असेल तर तो रांगेत लावलेला पत्ता शेवटी आपोआप वर जातोच, तुम्ही एकच टॅप केला आणि पॉइंट १५ मिळाले, मग वळसा कोणालाही परवडतो. फक्त तो पत्ता रांगेत कुणाची वाट अडवत नाही ना ते बघा.

दुसरी, एकेक पत्त्याच्या डावातला १०० चा दंड. लोक त्याला फार घाबरतात. १८० सेकंदवाल्याचे १०० पॉइंट म्हणजे पाच सेकंदसुद्धा नाहीत. पण अख्खा गठ्ठा परत उलटायला २४ टॅप लागतात, अर्ध्या सेकंदाला एक धरला तरी १२ सेकंद, म्हणजे २६० पॉइंट. खरा खर्च दंडाचा नाही, उलटण्याचा आहे! दहा मिनिटंवाल्याचं मात्र उलटं, त्याला १२ सेकंद म्हणजे २५ पॉइंट आणि दंड १००, त्याने दंड टाळायला बघावं. आणि स्कोअर शून्याखाली जात नसल्यामुळे डावाच्या सुरुवातीला ३०-४० पॉइंट असताना गठ्ठा फिरवला तर तेवढेच जातात, शंभर नाही.

तिसरी, वरून पत्ता खाली आणायचे १५. तीन मिनिटांच्या खेळाडूला हे एका सेकंदापेक्षा कमीचं काम आहे. त्या एका चालीने पालथा पत्ता उघडत असेल तर अजिबात मागंपुढं बघू नका.

पायरी ४: विचार कुठं करायचा

वेग वाढवायचा म्हणजे प्रत्येक चाल सारखीच पळवायची असं नाही. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करणारे आमचे एक अण्णा सांगतात, मागाचा स्पीड वाढवला की धागा जास्त तुटतो, धागा तुटला की माग थांबतो, आणि दिवसाच्या शेवटी कापड मोजलं की हळू चालवणाऱ्याचंच जास्त निघतं. इथं पण तेच होतं, चुकीच्या ठिकाणी पळालं की डाव अडकतो, आणि अडकलेल्या डावाला बोनस शून्य.

माझ्या मते थांबायच्या जागा तीनच आहेत.

एक, अगदी सुरुवात. बऱ्याच ॲप्समध्ये पहिली चाल केल्याशिवाय घड्याळ सुरूच होत नाही, तुमच्यात तसं असेल तर पत्ते वाटल्यावर हात मागं ठेवा आणि निवांत बघा, हा विचार फुकटचा आहे. काय बघायचं? एक्के-दुर्र्या कुठं आहेत, रांगांच्या टोकाच्या सात सुलट्या पत्त्यांत कोण कोणावर बसतो, आणि सगळ्यात लांब रांगेतला पालथा पत्ता कोणत्या चालीने उघडतो. दोन चाली सारख्याच असतील तर जिच्याखाली जास्त पालथे पत्ते आहेत ती आधी.

दोन, रांग रिकामी होताना. रिकाम्या रांगेत फक्त राजा बसतो, तो हाताशी नसेल तर रांग रिकामी करून काही मिळत नाही, उलट एक जागा बंद पडते. दोन राजे असतील तर कोणता आधी? ज्याच्यावर बसणारी उलट्या रंगाची राणी आणि मग गुलाम समोर दिसतायत तो. इथं तीन-चार सेकंद घालवले तर ते वसूल होतात.

तीन, पत्ता वर न्यायचा की ठेवायचा. एक्का आणि दुर्री डोळे झाकून वर. तिर्रीपासून पुढं एक पक्का नियम आहे, काळी पंजी वर न्यायची असेल तर दोन्ही लाल चौक्या, म्हणजे बदाम आणि चौकटची, आधीच वर गेलेल्या असायला हव्यात, मग ती पंजी खाली कोणाच्याच कामाची राहत नाही. हा नियम अंगात मुरला की विचार करायलाच लागत नाही, बघितलं की कळतं. सगळ्या रंगांना थोडं थोडं बरोबर वर चढवायचं, एकच रंग दश्शीपर्यंत पळवला की बाकीचे खाली अडकतात.

या तीन जागा सोडल्या तर बाकी सगळीकडे हात पळू द्या.

तीन-तीनच्या डावात गठ्ठ्याबद्दल एक गोष्ट समजून घेतली तर डोळे लई हलके होतात. २४ पत्ते म्हणजे आठ उलटण्या, दिसणारे पत्ते तिसरा, सहावा, नववा असे चोविसाव्यापर्यंत. काहीच घेतलं नाही तर पुढच्या फेरीत परत हेच आठ दिसणार. पण सहावा पत्ता घेतला तर त्याच्या मागचे सगळे एकाने सरकतात, पुढच्या फेरीत तिसरा तसाच, आणि मग सातवा, दहावा, तेरावा असे नवीन पत्ते वर येतात. म्हणून पहिल्या फेरीत दिसला पत्ता की घेतला असं करू नका. गठ्ठ्याच्या सुरुवातीच्या भागातला पत्ता घेतला की त्याच्या मागचा सगळा क्रम बदलतो, शेवटच्या भागातला घेतला तर आधीच्यांना धक्का लागत नाही. अडकलेल्या डावात गठ्ठा मोकळा करायचा हाच उपाय, सुरुवातीच्या भागातला कुठलातरी एक पत्ता काढा, भले त्याची आत्ता गरज नसेल.

पायरी ५: हाताचा वेळ वाचवा

हे पटकन उरकतो. पत्ता ओढत नेण्यापेक्षा टॅप करून पाठवणं फास्ट, पण टॅप केलेला पत्ता दोन जागी बसत असेल तर ॲप स्वतःच्या मनाने जागा निवडतं, तिथं ओढूनच न्या. ॲनिमेशन बंद करा नाहीतर सगळ्यात फास्टवर ठेवा. ऑटो-फिनिशचं बटण कुठं येतं ते माहीत असू द्या, सगळे पत्ते सुलटे झाले की लगेच दाबायचं, शेवटचे वीस-तीस पत्ते हाताने वर नेत बसणं म्हणजे सरळ बोनस सांडणं. ऑटो-फिनिश चालू असताना घड्याळ थांबतं का आणि त्या चाली मोजल्या जातात का, हे एका डावात तपासून ठेवा. काही ॲप्समध्ये फोन आडवा धरला की पत्ते मोठे दिसतात आणि चुकीचे टॅप कमी होतात. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, घामाच्या बोटाने स्क्रीन नीट लागत नाही, तेव्हा टायमरचे डाव सकाळी नाहीतर रात्री खेळा, दुपारी विनाटायमर.

पायरी ६: चाली मोजा

तुमचं ॲप चालींची संख्या दाखवत असेल तर ते फार उपयोगाचं आहे. ५२ पत्ते वर जायचेच, त्या ५२ चाली टळत नाहीत. एकूण चालींमधून ५२ वजा करा, राहिल्या त्या तुमच्या वरखर्चाच्या. १३० चालींमध्ये डाव संपला तर वरखर्च ७८. यात गठ्ठा उलटण्याच्या किती आणि पत्ते इकडून तिकडे हलवण्याच्या किती ते बघा. बहुतेकांच्या वरखर्चात गठ्ठाच जास्त निघतो, आणि तो कमी करायचा म्हणजे गठ्ठा उलटायच्या आधी रांगांमधल्या चाली संपल्यात का ते बघायची सवय लावायची. काहीच न उघडणारी चाल, म्हणजे एका काळ्या अठ्ठीवरून लाल सत्ती उचलून दुसऱ्या काळ्या अठ्ठीवर ठेवणं, ही करताना स्वतःला विचारा, यानं काय उघडतंय? काहीच नसेल तर सोडा.

दुसरा आकडा म्हणजे सेकंद भागिले चाली. १८० सेकंदात १२० चाली म्हणजे दीड सेकंदाला एक. हा आकडा चांगला असून वेळ जास्त लागत असेल तर तुमचा हात ठीक आहे, चाली जास्त होतायत. चाली कमी आणि तरी वेळ जास्त असेल तर तुम्ही नको तिथं विचार करत बसताय. दुखणं कुठलं ते या दोन आकड्यांतून कळतं.

पायरी ७: डाव कधी सोडायचा

कॉम्प्युटरने सगळे पत्ते माहीत आहेत असं धरून हिशोब केला तरी तीन-तीनच्या क्लोंडाइकचे साधारण ८२ टक्केच डाव सुटतात. म्हणजे पाचातला जवळपास एक डाव कुणाच्या बापाला सुटणारा नसतो, आणि आपल्याला तर पालथे पत्ते दिसत पण नाहीत. गठ्ठ्याच्या एका पूर्ण फेरीत एकही पत्ता हलला नाही आणि रांगांमध्येही काही हलत नाही, तर सोडा.

पण किती लवकर सोडायचा हे तुम्ही कशाची मोजदाद करताय त्यावर आहे, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. समजा घरात दीर आणि वहिनी दोघं खेळतात. दीर फास्ट, डाव जिंकला तर १५० सेकंदात, पण दहातले दोनच जिंकतो, बाकीचे आठ तो शंभर सेकंदात सोडून देतो. वहिनी जपून खेळतात, २२० सेकंद लागतात पण दहातले चार जिंकतात, हरलेले सहा डाव त्या दीडशे सेकंदांपर्यंत ताणतात. नुसता बोनस धरला तर दहा डावांत दिराचे ९३३२ आणि वहिनींचे १२,७२४. वहिनी जिंकल्या. पण वेळ बघा, दिराचे दहा डाव ११०० सेकंदात झाले आणि वहिनींना १७८० लागले, म्हणजे मिनिटामागे दिराचे ५०९ आणि वहिनींचे ४२९. ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त पॉइंट करायचे असतील तर दीर पुढं, ठरलेल्या डावांमध्ये करायचे असतील तर वहिनी पुढं. आणि नुसता सर्वात मोठा एकच स्कोअर मोजला जात असेल तर दिराची पद्धत, कारण तिथं हरलेल्या डावांना कोणी विचारत नाही.

म्हणून कुणाशी बरोबरी करायच्या आधी ठरवून घ्या की दहा डाव खेळायचे, अर्धा तास खेळायचा की बेस्ट स्कोअर धरायचा. फ्रीसेल, म्हणजे सॉलिटेअरचाच दुसरा प्रकार, खेळत असाल तर मात्र सोडायची घाई करू नका, तिथं सगळे पत्ते समोर असतात आणि मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ३२,००० डावांपैकी फक्त ११९८२ नंबरचा एकच सुटत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो, हे सगळं पॉइंटांसाठी आहे, पैशांसाठी नाही. पैसे लावून सॉलिटेअर खेळायला लावणारी ॲप्स निघाली होती, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणलीय, कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा. कुणी लिंक पाठवली तर उघडू नका, घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

पायरी ८: सराव कसा करायचा

वहीत नाहीतर फोनमध्ये चार रकाने करा, सुटला की नाही, सेकंद, चाली, स्कोअर. हरलेले डाव पण लिहायचे, ते गाळले तर सगळी सरासरी खोटी होते. पहिल्या आठवड्यात टायमर बंद ठेवून खेळा, फक्त किती डाव सुटतात तेवढं बघा आणि वरच्या तीन थांबायच्या जागांवर मुद्दाम थांबा. दुसऱ्या आठवड्यात टायमर चालू करा पण घड्याळाकडे बघू नका, डाव संपल्यावर आकडे लिहा आणि सुटलेल्या डावांच्या सरासरी वेळेवरून तुमचा सेकंदाचा भाव काढा. तिसऱ्या आठवड्यापासून एका वेळी एकच गोष्ट बदला, कधी नुसतं टॅपवर या, कधी गठ्ठ्याची सवय बदला, दोन्ही एकदम बदलल्या तर स्कोअर कशाने वाढला ते कळत नाही. वेळ कमी झाला पण सुटणारे डाव पण कमी झाले तर पायरी ७ मधला दहा डावांचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी करून बघा, तो वर गेला तर नवीन वेग ठेवा, खाली आला तर मागच्या वेगावर या आणि महिनाभर तिथंच खेळा. वेळ जसा कमी होत जाईल तसा सेकंदाचा भाव वाढत जातो, तेव्हा दर महिन्याला तो नव्याने काढा आणि पायरी ३ मधल्या चाली परत त्या भावाने तपासा.